कुटुंबासाठी जुनी शिडाची होडी निवडताना: नागपूरच्या एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण नागपुरात राहता, घरात पती-पत्नी आणि दहा व सहा वर्षांची दोन मुले आहेत, सुट्टीच्या दिवशी जवळच्या जलाशयावर शिडाच्या होडीतून फिरावे अशी सर्वांची इच्छा आहे आणि सगळा खर्च दोन लाखांच्या आत बसावा अशी अट आहे. मुंबईत एक १८ फुटी, छोट्या केबिनची, मागे इंजिन लावलेली जुनी होडी याच किमतीत मिळत आहे. ती घ्यावी काय, आणि ती नसल्यास कोणती घ्यावी, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे: ती होडी घेऊ नये. दुसऱ्या भागाला मात्र थोडा विस्तार हवा, कारण नागपुरात बसून शिडाची होडी घेणे आणि मुंबईत बसून ती घेणे यांत मोठा फरक आहे.

आपण पाठवलेल्या छायाचित्रांत होडीच्या तळाशी वजनदार, न हलणारा कील, म्हणजे तोल राखणारी खाली उतरलेली जड पाती, स्पष्ट दिसतो. अशी होडी वर्षातले आठ महिने पाण्यातच नांगरलेली असते आणि पावसाळ्याच्या तोंडावर क्रेनने उचलून बाहेर ठेवली जाते. मुंबईत तशी सोय आहे, तिचे भाडेही मालकाला दरवर्षी मोजावे लागते, आणि त्या भाड्याला कंटाळूनच बहुतेक वेळा अशा होड्या स्वस्तात विकायला निघतात. आपल्याकडच्या जलाशयांवर क्रेन नाही आणि अशी होडी पाण्यात उतरवण्याजोगा पक्का उतारही सहसा नाही. त्यातच धरणाचे पाणी ऑक्टोबरपासून जूनपर्यंत सतत खाली जात असते, त्यामुळे दिवाळीत जिथे होडी नांगरली तिथे होळीपर्यंत ती चिखलात आडवी पडलेली सापडेल. इंजिनाचा प्रश्न वेगळाच आहे. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये यंत्राने चालणाऱ्या नौकांसाठी तपासणी आणि नोंदणीची तरतूद आहे, आणि निव्वळ हौसेच्या होडीसाठी ती वाट धरण्याचे काही कारण नाही. केबिनविषयी एवढेच म्हणतो की मे महिन्यात नागपूरच्या उन्हात बंद फायबरच्या खोलीत मुलांना बसवण्याची कल्पना कोणत्याही आईवडिलांना आवडणार नाही.

होडीच्या जाहिराती पाहण्याआधी पाणी ठरवावे, असा माझा आग्रह असतो. नागपूर हे तलावांचे शहर म्हणवते, पण त्यातल्या फार थोड्या पाण्यावर स्वतःची शिडाची होडी नेता येते. फुटाळ्याचे पात्र लहान असून त्यात कारंज्यांची रचना उभी आहे. अंबाझरीचे पाणी चांगले विस्तृत आहे, परंतु तिथे जलपर्णीचा त्रास वारंवार होतो आणि तलाव महापालिकेच्या अखत्यारीत असल्याने परवानगीशिवाय काहीच करता येत नाही. तोतलाडोह व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीत येतो, म्हणून त्याचा विचारच सोडावा. रामटेकजवळचा खिंडसी हा कौटुंबिक सहलीसाठी मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तिथे नौकाविहाराची व्यवस्था आधीपासून आहे, काठावर माणसे असतात, आणि अडचण आल्यास मदतीला येणारी दुसरी होडी असते. वैनगंगेवरचा गोसेखुर्द जलाशय विस्ताराने फार मोठा आहे, परंतु त्याच्या पाण्याखाली गावे आणि झाडे गेलेली आहेत. वाळलेल्या झाडांचे शेंडे पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली असतात आणि ते नवख्या माणसाला दिसत नाहीत. शिकण्याच्या काळात मुलांना घेऊन तिथे जाऊ नये.

जलाशय ठरला की तो ज्या विभागाच्या ताब्यात आहे, म्हणजे पाटबंधारे विभाग किंवा स्थानिक स्वराज्य संस्था, त्यांच्याकडे लेखी अर्ज करावा. नौकाविहाराचा ठेका कोणाला दिलेला असेल तर त्याची संमतीही घ्यावी. याशिवाय एक गोष्ट कागदावर नसते पण तितकीच महत्त्वाची आहे. आपल्याकडचे बहुतेक तलाव मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेले असतात आणि ढीवर बांधवांची जाळी पाण्यात आडवी पसरलेली असतात. आपल्या होडीचा सेंटरबोर्ड, म्हणजे होडीच्या मध्यातून खाली सोडलेली फळी, त्या जाळ्यात अडकली तर त्यांचे नुकसान होते आणि आपली होडी उलटू शकते. काठावरच्या जाणत्या मच्छीमाराशी अर्धा तास बोलून घ्यावे. जाळी कुठे आहेत, बुडालेले खुंट कुठे आहेत, दुपारी वारा कोणत्या टेकडीवरून घसरून येतो, हे तो जितके नेमके सांगतो तितके कोणताही नकाशा सांगत नाही.

वाऱ्याचा विचार होडीच्या निवडीशी थेट जोडलेला आहे. विदर्भात हिवाळ्यात वारा बहुधा मंद असतो. सकाळी पाणी आरशासारखे स्थिर आणि दुपारनंतर थोडी हालचाल, असा क्रम असतो. चांगला, सलग वारा जून ते ऑगस्टमध्ये पश्चिमेकडून मिळतो, पण त्या काळात पाऊस असतो आणि धरणांचे दरवाजे केव्हाही उघडू शकतात. एप्रिलपासून मान्सून येईपर्यंतचा काळ सर्वांत फसवा. दुपारी पान हलत नाही आणि चारच्या सुमारास एखादा काळा ढग पुढे येऊन पाच मिनिटांत धुळीसह असा झोत सोडतो की अनुभवी माणसालाही शीड उतरवायला वेळ पुरत नाही. याचा अर्थ असा की आपल्याला वर्षातला बराच काळ मंद वाऱ्यात चालेल अशी होडी हवी, म्हणजे वजनाने हलकी आणि त्या मानाने शीड पुरेसे मोठे; आणि त्याचबरोबर ते शीड एका माणसाला झटकन खाली घेता आले पाहिजे. जड आणि आखूड शिडाची होडी सुरक्षित वाटते, पण नागपूरच्या डिसेंबरमध्ये ती जागची हलत नाही आणि दोनदा तसे झाले की मुले पुन्हा यायला तयार होत नाहीत.

आता प्रत्यक्ष होडी. भारतात जुन्या बाजारात जे मिळते त्यातूनच निवड करावी लागते, परदेशी पुस्तकांतल्या यादीतून नव्हे. इंग्लंडमध्ये कुटुंबासाठी सर्रास सुचवली जाणारी वेफेअरर ४.८२ मीटर लांबीची, प्रशस्त आणि स्थिर होडी आहे, पण ती आपल्याकडे क्वचित दिसते आणि तिचे वजन सुमारे १७० किलो असल्याने काठावर चार माणसे लागतात. लेझर पुष्कळ मिळतात, परंतु ती एका माणसाची होडी आहे. तिच्यात कुटुंब बसत नाही. फोर-ट्वेन्टी हलकी आणि चपळ असली तरी तिचा घाट शर्यतीचा आहे आणि आत जागा कमी आहे. हॉबी सिक्स्टीनसारखे दुहेरी तळाचे कॅटमरान वेगवान असते, मात्र त्यावर सर्व जण जाळीवर बसतात आणि ओले होतात. सहा वर्षांच्या मुलासाठी ती जागा नव्हे.

उरते ती एन्टरप्राइज, आणि माझी शिफारस तिचीच आहे. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आराखडा केलेली ही दोघांची होडी ४.०४ मीटर लांब, सुमारे १.६ मीटर रुंद आणि सुमारे ९४ किलो वजनाची असते. तिला पुढचे एक आणि मुख्य एक अशी दोनच शिडे असतात, स्पिनेकर नावाचे तिसरे फुगीर शीड नसते, त्यामुळे दोरांचा गोंधळ कमी. शिडांचे एकूण क्षेत्रफळ १०.५ चौरस मीटर असल्याने मंद वाऱ्यातही ती चालते. भारतात एन.सी.सी.च्या नौदल विभागात आणि अनेक सेलिंग क्लबांत या वर्गाच्या, म्हणजे याच ठरलेल्या मापाच्या, होड्या वापरल्या जातात, म्हणून जुनी शिडे, सुकाणू, कप्प्या असे सुटे भाग मिळण्याची शक्यता दोघांच्या इतर कोणत्याही होडीपेक्षा अधिक आहे. दोष सांगायचा तर ती किंचित डुगडुगते आणि तिचा बूम, म्हणजे शिडाच्या खालची आडवी दांडी, खाली असतो. मुलांना सायकलचे हेल्मेट घालून बसवणे यात लाजण्यासारखे काही नाही.

या होडीत चौघे एकदम बसणार नाहीत, हे मान्य करूनच पुढे जावे. बसू शकतील, पण बसवू नयेत. एक मोठा सुकाणूवर, दुसरा पुढच्या शिडावर आणि मध्ये एक मूल, एवढाच भार शिकण्याच्या काळात योग्य आहे, आणि दोघेही मोठे पाण्यावर असताना काठावरच्या मुलाजवळ तिसरे जबाबदार माणूस हवे. आजी-आजोबा किंवा आत्या-मामा सोबत असले तर सहलही भरते. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात होडी उलटून तरुणांचे जीव गेले, ते आपल्याकडचे कोणी विसरलेले नाही. लहान होडीत माणसे वाढली की ती पाण्यात खोल बसते, काठ पाण्याच्या जवळ येतो आणि सगळे एका बाजूला झुकले की सावरायला वाव राहत नाही.

स्थानिक फायबरवाल्याने साच्यातून काढलेल्या, कोणत्याही मान्य वर्गात न बसणाऱ्या होडीच्या वाटेला जाऊ नये. तिच्यात हवाबंद कप्पे आहेत की नाहीत हे बाहेरून कळत नाही, आणि तिच्यासाठी शीड शिवून घ्यायचे म्हटले तर माप कोणाकडेच नसते.

होडी पाहायला जाताना सोबत एक स्क्रू ड्रायव्हर, कापसाचा बोळा, साबणाचे पाणी, टॉर्च, मोजपट्टी आणि दोन वजनकाटे न्यावेत. पहिले काम वजनाचे आहे, आणि नेमके तेच कोणी करत नाही. नाळेखाली, म्हणजे पुढच्या टोकाखाली एक आणि मागच्या टोकाखाली एक असे दोन काटे ठेवून, डोलकाठी आणि इतर सामान काढलेल्या रिकाम्या होडीचे वजन घ्यावे. ९४ किलोच्या जागी १०० भरले तर समजण्यासारखे आहे, कारण जुन्या होडीवर रंगाचे थर आणि दुरुस्त्या असतात. १२० भरले तर फायबरच्या थरांत किंवा आतल्या फोममध्ये पाणी शिरलेले आहे असे समजावे आणि नम्रपणे परत यावे. आत शिरलेले पाणी उन्हात ठेवून निघून जाते असे विक्रेते सांगतात. फोम एकदा भिजला की तो तसा सुकत नाही.

त्यानंतर होडी उलटी करून तळ तपासावा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने दर चार बोटांवर हलके ठोकत जावे. घट्ट फायबरचा आवाज टणक आणि स्वच्छ येतो. जिथे थर सुटले आहेत तिथे तो एकदम बद्द होतो, आणि हा फरक पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कळतो. बद्द आवाजाची जागा खडूने वेढून घ्यावी. तळहाताएवढी एखादी जागा असेल तर दुरुस्त होते, ताटाएवढी असेल तर सोडून द्यावे. जेलकोटवरच्या, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत लेपावरच्या, बारीक केसासारख्या भेगा बहुतेक वेळा वरवरच्या असतात, पण एका बिंदूतून चांदणीसारख्या पसरलेल्या भेगा दिसल्या तर त्या ठिकाणी होडीला ठोकर बसली आहे, आणि आतल्या बाजूने तीच जागा शोधून तिथे फायबर पांढुरके झाले आहे का ते टॉर्चने पाहावे. होडी लाकडी म्हणजे मरीन प्लायची असेल तर ठोकण्याऐवजी स्क्रू ड्रायव्हरचे टोक कोपऱ्यांत आणि सांध्यांत हलकेच टोचावे. काळपट डाग आणि मऊ लाकूड दिसले की विषय संपला. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात प्लायचे सांधे उघडतात आणि पावसाळ्यात त्यात पाणी शिरते, म्हणून पहिली होडी मी लाकडी सुचवत नाही, ती कितीही सुंदर दिसत असली तरी.

सेंटरबोर्ड ज्या अरुंद पेटीतून खाली जातो ती पेटी एन्टरप्राइजची सर्वांत गळकी जागा असते. होडी सरळ करून जुन्या टायरांवर ठेवावी, आत दोन-तीन बादल्या पाणी ओतावे आणि खाली कोरडे वर्तमानपत्र पसरून पंधरा मिनिटे थांबावे. पेटीच्या बुडाशी वर्तमानपत्र ओले झाले तर तिथे गळती आहे. ती दुरुस्त होते, परंतु तिची किंमत बोलण्यात यायला हवी. विक्रेता या परीक्षेला तयार नसेल तर त्याचे कारण त्यालाच माहीत असते.

हवाबंद कप्पे किंवा तरंगण्याच्या पिशव्या यांवरच उलटलेली होडी तरंगत राहते, त्यामुळे या एका बाबीत सूट देऊ नये. कप्प्याच्या निचऱ्याच्या छिद्राला रबरी नळी लावून तोंडानेच हवा भरावी, पंप लावू नये, कारण जास्त दाबाने सांधे फाटतात. मग सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. जिथे बुडबुडे येतात तिथे गळती. पिशव्या असतील तर त्या सकाळी फुगवून संध्याकाळी दाबून पाहाव्यात आणि त्यांना बांधणारे पट्टे ओढून पाहावेत. पट्टा तुटला तर उलटलेल्या होडीतून पिशवी एकटीच निसटून तरंगत जाते आणि होडी खाली राहते.

डोलकाठी ॲल्युमिनियमची असते. ती जमिनीवर ठेवून एका टोकाला डोळा लावावा आणि शीड सरकण्याची खाच सरळ रेषेत आहे का ते पाहावे. किंचित सलग वाक चालतो, एका जागी मोडल्यासारखा कोन चालत नाही. रिव्हेटांभोवती पांढरी पूड जमली असेल तर ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील यांच्या सान्निध्याने खाऱ्या पाण्यात होणारा गंज आहे. याच कारणामुळे, किंमत सारखी असेल तर मुंबईच्या समुद्रातल्या होडीपेक्षा हैदराबादच्या हुसेन सागरावरची किंवा भोपाळच्या बड्या तलावावरची होडी मी आधी पाहीन. रस्त्याने हैदराबाद नागपूरपासून सुमारे ५०० आणि भोपाळ सुमारे ३५० किलोमीटर आहे; मुंबई त्याहून बरीच लांब. गोड्या पाण्याची होडी आणि जवळचा प्रवास असा दुहेरी फायदा आपल्याला नागपूर मध्यावर असल्यामुळे मिळतो, तो घ्यावा.

डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवावा. कापूस जिथे अडकेल तिथे तारेचा एक पेड तुटला आहे. एक पेड जरी तुटला असेल तरी ती तार बदलायचीच. तारा फार महाग नसतात, पण भर पाण्यात डोलकाठी मुलांच्या डोक्यावर कोसळणे परवडत नाही. तारा किती वर्षांपूर्वी बदलल्या हे विक्रेत्याला आठवत नसेल तर सगळ्याच बदलण्याचा खर्च धरून चालावे.

शिडांच्या बाबतीत नवखा खरेदीदार रंगाला भुलतो. एन्टरप्राइजची पारंपरिक शिडे निळी असतात आणि उन्हाने ती फिकट होतात, पण फिकट रंग हा दोष नव्हे. शीड हातात घेऊन चुरगळावे: कोऱ्या कागदासारखे कुरकुरले तर त्यात जीव आहे, धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीसारखे वाटले तर ते वाऱ्याचा आकार धरणार नाही. शिवणीवरून नखाने जोरात खरवडावे, कारण उन्हाने आधी दोरा मरतो, कापड नंतर. दोरा तुटत असेल आणि कापड चांगले असेल तर शीड टाकून देऊ नये. ताडपत्री आणि सीटकव्हर शिवणारा कसबी कारागीर ते पुन्हा शिवून देतो, फक्त त्याला उन्हात टिकणारा पॉलिस्टर दोरा आणून द्यावा आणि शिवण जशी नागमोडी आहे तशीच घालायला सांगावे. सहलीसाठी थोडे मऊ झालेले शीडही चालते. नव्या शिडांवर पहिल्याच वर्षी खर्च करू नये.

हे सगळे जमिनीवर झाले की होडी पाण्यात उतरवून ती मुद्दाम उलटी करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कमरेच्या वर पाणी असलेल्या जागी, लाइफ जॅकेट घालून, शक्यतो ही होडी चालवणाऱ्या जाणत्या माणसासोबत ही परीक्षा करावी. होडी आडवी झाल्यावर ती उंच तरंगते की खोल जाते, डोलकाठीचे टोक पाण्यावर राहते की भराभर खाली जाऊन होडी पूर्ण पालथी होते, आणि एक मोठा माणूस सेंटरबोर्डवर उभा राहून तिला सरळ करू शकतो का, या तीन गोष्टी पाहायच्या. सरळ झालेल्या होडीत घोट्यापर्यंत पाणी असेल तर ते बादलीने उपसता येते. काठोकाठ असेल तर कप्पे गळके आहेत. डोलकाठीचे टोक खाली जात असेल तर त्या टोकाला बांधायचा लहान फोमचा तरंगा लावता येतो, आणि कुटुंबाच्या होडीला तो लावावाच असे माझे मत आहे. पतीच नव्हे, पत्नीलाही होडी एकटीने सरळ करता आली पाहिजे, कारण पाण्यात पडलेले मूल दोघांपैकी एकालाच सांभाळावे लागते.

लाइफ जॅकेट होडीसोबत जुनी मिळाली तरी घेऊ नयेत. ५० न्यूटनची जॅकेटे पोहता येणाऱ्या माणसाला मदत करण्यासाठी असतात. पोहता न येणाऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी १०० न्यूटनची, कॉलर असलेली, चेहरा वर ठेवायला मदत करणारी जॅकेटे घ्यावीत. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे, नाहीतर पाण्यात जॅकेट वर राहते आणि मूल त्यातून खाली सरकते. मुलाला जॅकेट घालून दोन्ही खांदे धरून उचलून पाहावे. जॅकेट कानांपर्यंत आले तर ते मोठे आहे. मुले वाढतील म्हणून एक माप मोठे घेण्याची आपली घरगुती सवय इथे पूर्ण बाजूला ठेवावी.

दोन लाखांची विभागणी मी अशी करीन: होडी, डोलकाठी, शिडे आणि सुकाणू मिळून सव्वा लाखाच्या वर जाऊ नये, उरलेल्या पाऊण लाखात वाहतूक, तारा आणि दोर, चार जॅकेटे, होडी पाण्यापर्यंत न्यायची ढकलगाडी आणि आपल्या दोघांचे प्रशिक्षण बसवावे. प्रशिक्षणाला शेवटी उरले तर पैसे, असे करू नये. हैदराबाद, भोपाळ किंवा मुंबईत आठवडाभराचा प्राथमिक वर्ग आधी करून घेतला तर होडी पारखण्याची नजर येते, आणि कित्येकदा त्याच क्लबात विकाऊ होडीची माहितीही मिळते.

वाहतुकीसाठी ट्रेलरच्या फंदात पडू नये. त्याची नोंदणी, गाडीला लावायचा आकडा, आणि वर्षातून दोनदा होणारा उपयोग यांचा मेळ बसत नाही. एन्टरप्राइज १४ फुटी आयशरच्या हौद्यात बसते. डोलकाठी मात्र होडीपेक्षा बरीच लांब असल्याने ती केबिनच्या वरून तिरकी बांधून मागे लाल फडके लावावे लागते. नागपूरकडे येणारी परतीची गाडी मिळाली तर भाडे बरेच कमी होते. होडीखाली गाद्या किंवा टायर ठेवणे आणि दोर थेट फायबरवर न घासू देणे, एवढी काळजी पुरते.

रोज ने-आण करण्यापेक्षा होडी पाण्याजवळच ठेवावी. खिंडसीच्या परिसरात एखाद्या शेतात किंवा रिसॉर्टच्या आवारात शेडखाली जागा मिळत असेल तर तिचे मासिक भाडे टेम्पोपेक्षा स्वस्त पडते. घरीच ठेवायची झाल्यास ती लहान मोटारीएवढी जागा घेते, आणि सोसायटीच्या सभेत हा विषय कसा मांडायचा ते आपण ठरवावे. होडी उलटी करून, खाली हवा खेळेल अशी दोन आडव्या लाकडांवर ठेवावी. तिच्यावर ताडपत्री घट्ट गुंडाळू नये, पावसाळ्यात आत कोंदट होते. शिडे घडी न घालता गुंडाळून घरात आणावीत. शेडमध्ये ठेवलेली शिडे उंदीर आणि खारी फार आवडीने कुरतडतात.

काठाची माती हा खास आपल्याकडचा मुद्दा आहे. जलाशय उतरू लागला की पाण्याच्या कडेला काळ्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडतो, आणि वरून सुकलेला दिसला तरी त्यात ढकलगाडीची बारीक चाके आसापर्यंत रुततात. म्हणून ढकलगाडी वेल्डरकडून करून घेताना स्कूटरची रुंद चाके लावून घ्यावीत आणि सोबत दोन फळ्या ठेवाव्यात. डोलकाठी उभी करण्यापूर्वी मान वर करून पाहावे: काठावरून, शेतातून किंवा रस्त्यावरून विजेच्या तारा जात असतील तर तिथे डोलकाठी उभी करू नये आणि उभी डोलकाठी त्या तारांखालून ढकलूही नये. उंच ॲल्युमिनियमची काठी तारेला टेकली की हात लावलेल्या माणसाला वाचण्याची संधी मिळत नाही.

खरेदीची वेळही साधता येते. मुंबईत पावसाळ्याचे महिने होड्या काठावर असतात, तेव्हा तळ निवांत तपासता येतो, पण पाण्यातली परीक्षा होत नाही. हंगाम संपताना, एप्रिल-मे मध्ये, दोन्ही होते आणि पावसाळ्याचे भाडे टाळण्यासाठी मालकही किंमत उतरवतो. हैदराबादेत उलट जुलै-ऑगस्टमध्ये हुसेन सागरावर शर्यतींची वर्दळ असते आणि तिथल्या होड्या चालत्या स्थितीत पाहता येतात. सौदा ठरला की साध्या पावतीवर भागवू नये. होडीचा वर्ग, होडीच्या सांगाड्यावर (हलवर) कोरलेला क्रमांक, शिडावरचा क्रमांक, डोलकाठी, बूम, सुकाणू, सेंटरबोर्ड आणि दोन्ही शिडे यांची यादी, मिळालेली रक्कम, आणि होडीवर कोणाची थकबाकी नाही असे विक्रेत्याचे सहीनिशी निवेदन त्यावर असावे. होडी आधी क्लबाच्या मालकीची असेल तर ती निकालात काढल्याचे क्लबाचे पत्र मागून घ्यावे, आणि सुकाणूची पिन व तळाच्या निचऱ्याची बुचे पिशवीत घातल्याशिवाय गाडी हलवू नये. ही बुचे नेहमी विक्रेत्याच्या कपाटात राहतात आणि त्यांच्यावाचून होडी पाण्यात उतरवता येत नाही.